आर्ताची हाक आणि अंतरीचे आरोग्य

मार्गशीर्ष लागला की जत परिसराला एक निराळीच जाग येते. शिवारात जोंधळा कमरेएवढा झालेला असतो, पहाटेच्या गारठ्यात बैलगाड्यांच्या जागी आता जीपगाड्या नि ट्रॅक्टर धावू लागले असले तरी त्यांत बसलेल्या माणसांच्या ओठांवरचे नाव तेच असते. श्रीयल्लम्मादेवीच्या यात्रेला मराठी आणि कानडी अशा दोन्ही भाषांतून हाका मारीत भाविक येतात. भंडाऱ्याने पिवळी झालेली कपाळे, ओटीचे खण-नारळ, कुणाच्या कडेवर नवसाचे मूल, कुणाच्या हाती चांदीचे इवलेसे डोळे. भगवंतांनी गीतेत महिन्यांमध्ये मार्गशीर्ष आपले रूप म्हणून सांगितला, त्याची प्रचीती आमच्या या दुष्काळी मुलुखालाही येते. याच महिन्यात पौर्णिमेला दत्तजन्माचा पाळणा हलतो, कृष्णाकाठी नरसोबाच्या वाडीला गर्दी लोटते. आणि बहुतेक वर्षी याच सुमारास ख्रिस्ती बांधवांच्या घरांवर नाताळचे तारे लुकलुकू लागतात. पाळणा येथेही आहे आणि गोठ्यातला पाळणा तेथेही आहे.

सणाच्या या पानातून आजवर आपण आपल्या दैवतांविषयी, व्रतांविषयी नि संतांविषयी पुष्कळ वाचले. आज वाचकांची अनुज्ञा घेऊन शेजारच्या घरातील एका गोष्टीकडे वळावयाचे आहे. दुखण्यात, शोकात, मनाच्या काळोखात ख्रिस्ती माणूस देवाकडे वळतो म्हणजे नेमके काय करतो? त्यातून त्याला कोणते आरोग्य लाभते? आणि देव्हाऱ्यापुढे रोज निरांजन लावणाऱ्या आपल्यासारख्या घरांनी त्याकडे संशयाने पाहावे, की त्यातून काही घ्यावे? प्रश्न नाजूक आहे हे मी जाणतो. परंतु ज्या घरात आजारी माणूस आहे, त्या घरात हा प्रश्न केवळ चर्चेचा राहत नाही.

मिशन दवाखान्यातील एक रात्र

पूर्वी जत तालुक्यात मोठे दुखणे आले की वाट एकच असे, मिरजेची. डॉक्टर विल्यम वॉन्लेस नावाच्या कॅनडात जन्मलेल्या मिशनरी शल्यविशारदाने १८९४ मध्ये मिरजेला रुग्णालय उभारले आणि पुढच्या तीन-साडेतीन दशकांत त्या गावाचे नाव साऱ्या दक्षिण महाराष्ट्रात नि उत्तर कर्नाटकात आरोग्याशी कायमचे जोडले गेले. कुष्ठरोग्यांसाठी स्वतंत्र आश्रयस्थान आणि क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम ही त्याच कार्याची अंगे. सांगली-मिरजेच्या मधली वानलेसवाडी आजही त्यांचे नाव सांगते. लोक मात्र वॉन्लेस वगैरे म्हणत नसत. 'मिशन दवाखाना' एवढे म्हटले की पुरे.

१९७२ च्या दुष्काळानंतरच्या हिवाळ्यात माझ्या आईला आम्ही तेथे नेले. पोटातील दुखणे फार पुढे गेलेले होते. एस.टी.च्या प्रवासात तिने पदराच्या गाठीत यल्लम्माचा भंडारा घट्ट धरून ठेवला होता. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री पाळीवरची परिचारिका आली, उशी सारखी केली आणि म्हणाली, "मावशी, तुमची हरकत नसेल तर तुमच्यासाठी प्रार्थना करू का?" आम्ही बहीण-भावंडे एकमेकांकडे पाहू लागलो. आईने मात्र क्षणाचाही विलंब न लावता गाठ सोडली, भंडाऱ्याची चिमूट कपाळाला लावली आणि हात जोडले. "कर बाई. तू तुझ्या देवाला सांग, मी माझ्या आईला सांगते. ऐकणारा काय दोन थोडाच आहे?"

ती प्रार्थना मला शब्दशः आठवत नाही. एक गोष्ट मात्र मनात रुतून बसली. 'हिला बरे कर' एवढेच त्या मुलीने मागितले नाही. हिच्या मनात काही सल असेल तर तो काढ, कुणाचे हिने काही बिघडविले असेल किंवा हिचे कुणी बिघडविले असेल तर ते पुसून टाक, उद्या काहीही झाले तरी हिला तुझ्या हाती असल्याची खात्री दे, अशा अर्थाचे काही ती म्हणत होती. आईच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. रात्री दहाच्या सुमारास तिने मला जवळ बोलावले आणि म्हणाली, "थोरल्या जाऊबाईंना बोलावून घे."

थोरल्या काकूंशी आमच्या घराचे अकरा वर्षे बोलणे नव्हते. कारण विहिरीच्या पाण्याची पाळी. ज्या मुलखात पाऊस माणसाची परीक्षा पाहतो तेथे विहिरीवरून भाऊ तुटतात, हे येथील वाचकांना सांगावयास नको. दुसऱ्या दिवशी दुपारी काकू आल्या. दोघीजणी काय बोलल्या ते आम्हांला कळले नाही. दाराबाहेर फक्त हुंदके ऐकू आले आणि मग, कित्येक वर्षांनी, दोघींचे एकदम हसणे.

आई त्या दुखण्यातून उठली नाही. पुढे पाच महिन्यांनी ती गेली. पण ते पाच महिने तिच्या आयुष्यातील सर्वांत निवांत महिने होते. काकू रोज येऊन तिची वेणी घालीत. शरीर बरे झाले नाही. पण ती बरी झाली. हे वाक्य विचित्र वाटेल. त्याचा अर्थ उलगडण्यासाठीच हा लेख आहे.

आधी अंतर, मग अंग

ख्रिस्ती शुभवर्तमानात एका पक्षाघाती माणसाची कथा आहे. त्याला चौघांनी खाटेवर घालून आणले; घरात शिरावयास वाट नव्हती म्हणून छप्पर उसकटून खाली सोडले. साऱ्यांची अपेक्षा अशी की येशू त्याच्या लुळ्या पायांकडे पाहील. परंतु येशूने प्रथम त्याच्या पापांची क्षमा झाल्याचे सांगितले. जमलेले शास्त्री कुरकुरले, आणि मग त्याला उठून चालावयास सांगितले. क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. आधी अंतर, मग अंग. ख्रिस्ती जीवनातील आध्यात्मिक आरोग्याची सारी मीमांसा या क्रमात साठविलेली आहे.

त्यांच्या श्रद्धेनुसार माणसाचे मूळ दुखणे म्हणजे देवापासून दुरावणे. त्यातून अपराधाची टोचणी, द्वेष, भय, निराशा अशी उपदुखणी उत्पन्न होतात. त्यांवर उपायही चार पायऱ्यांचा: आपली चूक देवापुढे मोकळेपणी कबूल करणे, क्षमा स्वीकारणे, स्वतः दुसऱ्याला क्षमा करणे, आणि उरलेला भार देवावर टाकून सेवेला लागणे. कॅथलिक पंथात पापनिवेदन आणि रुग्णाचा तैलाभ्यंग हे विधी याचसाठी आहेत. नव्या करारातील याकोबाच्या पत्रात आजाऱ्याने मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बोलवावे, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी आणि परस्परांपुढे अपराध कबूल करावेत, असा उपदेश आहे. म्हणजे रुग्ण एकटा देवाकडे जात नाही. त्याला खाटेसकट उचलून नेणारे चौघे लागतात.

आपल्या परंपरेला हे परके आहे काय? मुळीच नाही. गीतेने भक्तांचे चार प्रकार सांगितले: आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. त्यांत पहिले नाव आर्ताचे आहे. दुःखाने व्याकूळ होऊन हाक मारणाऱ्याला भगवंतांनी हलके लेखले नाही. चौघांनाही उदार म्हटले. मगराने पाय धरलेला गजेंद्र हा आर्तच होता. समर्थांची करुणाष्टके म्हणजे आर्ताचे हृदयच. तुकोबांनी १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात पत्नी गमावली, मूल गमावले, व्यापार बुडाला, आणि त्या राखेतून ते विठ्ठलाकडे वळले. आपल्या संतांनाही दुःखाच्या दारातूनच देव भेटला आहे.

उमदीचा नामयोग आणि काळरात्र

या दोन परंपरांची गाठ घालून देणारा महापुरुष आपल्या जत तालुक्याशीच जोडलेला आहे. उमदी हे तालुक्याच्या पूर्वेचे, कर्नाटकाच्या वेशीवरचे गाव. तेथील भाऊसाहेब महाराज उमदीकर हे थोर नामयोगी. त्यांचा संप्रदाय इंचगिरी संप्रदाय म्हणून ओळखला जातो. १९१४ मध्ये त्यांनी देह ठेवला. १९०१ साली त्यांनी जमखंडीच्या एका पंधरा वर्षांच्या मुलाला नाम दिले. तो मुलगा म्हणजे पुढे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आणि अलाहाबाद विद्यापीठाचे कुलगुरू झालेले गुरुदेव रामचंद्र दत्तात्रेय रानडे. सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयातही त्यांनी काही काळ अध्यापन केले. निंबाळच्या आश्रमात १९५७ मध्ये त्यांनी देह ठेवला.

तरुणपणी गुरुदेवांना जिवावरचे दुखणे झाले होते. त्या आजारानेच त्यांची नामसाधना खोल गेली, असे त्यांच्या परंपरेत मानतात. पुढे १९३३ मध्ये 'मिस्टिसिझम इन महाराष्ट्र' हा आपला इंग्रजी ग्रंथ सिद्ध करताना तुकोबांच्या विरहावस्थेचे वर्णन करण्यासाठी त्यांनी एका ख्रिस्ती साधूचा शब्द उचलला: आत्म्याची काळरात्र. सोळाव्या शतकातील स्पेनमधील संत जॉन ऑफ द क्रॉस याचा हा शब्द. त्याच्या स्वतःच्या पंथबंधूंनी त्याला १५७७ मध्ये तोलेदो येथे कोंडून ठेवले होते, आणि त्या कोठडीत त्याने ईश्वरप्रेमाची गीते रचली. देव जवळ आहे असे काहीच जाणवत नाही, जप कोरडा पडतो, प्रार्थना छताला आपटून परत येते, अशी जी अवस्था तिला तो काळरात्र म्हणतो. ती पहाटेपूर्वीची वाट आहे, शिक्षा नव्हे, हे त्याचे सांगणे.

उमदीच्या गुरूचा शिष्य देहूच्या वाण्याचे मन उलगडून दाखविण्यासाठी स्पेनच्या साधूचा शब्द वापरतो, यातच पुष्कळ काही आले. ज्यांना अनुभव आला त्यांना भाषेची वेस आडवी आली नाही. आपण मात्र वेशीवरच भांडत बसतो.

मराठी मातीतील दोन साक्षी

आता मराठी ख्रिस्ती जीवनाकडे पाहू. पंडिता रमाबाईंचे नाव आपल्या घरांत काहीशा संकोचाने घेतले जाते. पण त्यांचे दुःख आधी पाहावे. आई, वडील आणि बहीण दुष्काळाच्या काळात गेली. पुढे भाऊ गेला. १८८२ मध्ये पतीही गेला आणि मांडीवर लहानगी मनोरमा राहिली. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. सर्वसामान्य समज असा की धर्म बदलला आणि शांती मिळाली. रमाबाईंची स्वतःची साक्ष निराळी आहे. धर्म स्वीकारल्यावरही कित्येक वर्षे आपले मन अस्वस्थच होते. तत्त्वे कळली होती, पण ज्याच्याविषयी ती तत्त्वे होती तो भेटला नव्हता, असा त्यांच्या निवेदनाचा आशय. शांती पुढे, संपूर्ण शरणागतीच्या क्षणी आली. आणि ती आल्यावर त्यांनी काय केले? डोळे मिटून बसल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात गावोगाव हिंडून निराधार मुली गोळा केल्या आणि केडगावच्या मुक्तिसदनात त्यांना अन्न, अक्षर आणि कसब दिले. ज्या भुकेने त्यांचे घर गिळले, तिच्याच जबड्यातून त्यांनी दुसऱ्यांच्या लेकी सोडविल्या. जखम भरली याची याहून मोठी खूण कोणती?

दुसरी साक्ष साताऱ्याची. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. घर मोडले, लक्ष्मीबाईंची नि त्यांची ताटातूट झाली. पाच वर्षांनी, १९०० मध्ये, लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. मधल्या काळात त्या माउलीने जे सोसले ते 'स्मृतिचित्रे' वाचताना आजही घशाशी येते. आणि तरीही तिच्या लेखणीत कडवटपणाचा लवलेश नाही. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक म्हणत. १९१७ मध्ये मिशनच्या पगारी नोकरीतून मोकळे होऊन त्यांनी साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभारला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्यांनाही जागा होती. टाळ-वीणा, अभंग, भजन या मराठी वाटेनेच त्यांनी आपला देव आळविला. अवघ्या दोन वर्षांत, १९१९ मध्ये, ते निवर्तले. पण भजनाने मन निवते, हा वारकऱ्यांचा अनुभव ख्रिस्ती मंदिरातही तितकाच खरा आहे, हे त्यांनी दाखवून दिले.

या दोघांच्या धर्मांतराविषयी आपले मत काहीही असो. माझेही मत असे की, आपली तहान भागविण्यासाठी आपले घर सोडण्याची गरज मला कधी वाटली नाही. आपल्या अंगणातील विहिरीला पाणी आहे. पण शेजाऱ्याच्या विहिरीला पाणी नाही, असे म्हणणे हे आपल्या विहिरीच्या गोडीचे प्रमाण होत नाही.

हाक आणि व्यवहार

येथे कुणी सुज्ञ वाचक विचारील, "प्रार्थनेने रोग बरे करतो असे सांगून भोळ्या लोकांना ओढणारे जे मेळावे भरतात, त्यांचे काय?" आक्षेप रास्त आहे आणि त्याला बगल देणे योग्य होणार नाही. औषधे फेकून द्या, श्रद्धा असेल तर गाठ आपोआप विरघळेल, असे सांगणारे उपदेशक आहेत. पण तसे सांगणारे बुवा, महाराज आणि मांत्रिक आपल्याकडे नाहीत काय? साप चावलेल्या पोराला दवाखान्याऐवजी मंत्र घालावयास नेणारी माणसे कोणत्या धर्माची होती, हे आपल्या खेड्यापाड्यांना ठाऊक आहे. साताऱ्याचे डॉक्टर नरेंद्र दाभोलकर यांनी आयुष्यभर ज्याचा आग्रह धरला, तो जादूटोणाविरोधी कायदा त्यांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये महाराष्ट्रात आला. साप, विंचू वा कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा त्यानुसार गुन्हा आहे. कायदा धर्म विचारीत नाही. देवपूजा, वारी, भजन, प्रार्थना यांना त्याने हात लावलेला नाही. श्रद्धावंताने या कायद्याचे स्वागतच करावयास हवे. कारण खोटे नाणे बाजारातून गेल्याने खऱ्या नाण्याची किंमत वाढते.

खुद्द ख्रिस्ती मंडळींतील जाणत्यांनी याबाबत किती सावधगिरी बाळगली आहे, तेही पाहण्याजोगे आहे. फ्रान्समधील लूर्द हे त्यांचे मोठे तीर्थ. १८५८ मध्ये बर्नादेत नावाच्या गरीब मुलीला तेथे मरियेचे दर्शन झाले अशी श्रद्धा. १८८३ पासून तेथे वैद्यांची तपासणी-कचेरी आहे. बरे झाल्याचे सांगणारे हजारोंनी आले. पण चर्चने आजवर चमत्कार म्हणून मान्य केलेल्या घटना सत्तरच्या आसपासच आहेत. आणि ज्या बर्नादेतच्या हातून तो झरा उघडला, ती स्वतः दुखण्याने खंगून १८७९ मध्ये वयाच्या पस्तिसाव्या वर्षी गेली. तिने तक्रार केली नाही. तरीही दरवर्षी हजारो रुग्ण तेथे जातात. बहुतेकांचे दुखणे घेऊनच ते परततात, पण पुष्कळजण धीर घेऊन परततात. मुंबईत माहीमच्या चर्चमध्ये १९४८ पासून दर बुधवारी चालणाऱ्या नोव्हेनाला किती हिंदू आयाबाया मेणबत्त्या घेऊन उभ्या असतात ते पाहावे. वांद्र्याच्या मोत माउलीला मेणाचे हात-पाय वाहतात. आमच्या देवीला चांदीचे डोळे वाहतात. आईजवळ मागण्याची रीत सारखीच असते.

मागण्यात पाप नाही. पाप आहे ते सौद्यात. 'हे दे, म्हणजे ते देईन' असे म्हणणारा देवाला दुकानदार समजतो, आणि माल मिळाला नाही की दुकान बदलतो. आज हा नवस, उद्या तो मेळावा, परवा तिसरा बुवा अशी वणवण करणाऱ्या घरात शेवटी ना पैसा उरतो, ना मनाची शांती. म्हणून देवाच्या नावाने आरोग्य देऊ करणाऱ्या कोणत्याही दारात पाऊल टाकण्यापूर्वी चार कसोट्या लावाव्यात. पहिली, येथे डॉक्टरांकडे जावयास सांगतात की जाण्यापासून परावृत्त करतात? दुसरी, येथे रुग्णाच्या खिशाकडे डोळा आहे की दुःखाकडे? तिसरी, बरे न वाटल्यास 'तुझीच श्रद्धा कमी पडली' असे म्हणून दुखणाऱ्या जिवाला आणखी डागण्या देतात काय? आणि चौथी, येथून परतलेला माणूस घरच्यांशी अधिक प्रेमाने वागतो की अधिक दुराव्याने? या कसोट्या चर्चलाही लावाव्यात, मठालाही लावाव्यात आणि आपल्या घरच्या देवघरालाही लावाव्यात. मिरजेच्या त्या परिचारिकेची प्रार्थना चारही कसोट्यांना उतरली. तिने सकाळी आईला शस्त्रक्रियागृहातच नेले, देऊळ किंवा चर्च बदलण्यास सांगितले नाही, आणि तिच्या शब्दांनी आमचे तुटलेले घर जोडले.

उत्तर न येणारी प्रार्थना

सर्वांत कठीण प्रश्न अजून उरला आहे. हाक मारली, मनापासून मारली, आणि तरीही माणूस गेला, तर? त्या आईबापांना आपण काय सांगणार, ज्यांचे लेकरू साऱ्या नवसांनंतरही हातातून निसटले?

येथे ख्रिस्ती परंपरेचा प्रामाणिकपणा मला मोलाचा वाटतो. त्यांचा थोर प्रेषित पौल आपल्या देहातील एका शल्याविषयी लिहितो. ते निघावे म्हणून त्याने तीनदा याचना केली. ते निघाले नाही. आपली कृपा तुला पुरेशी आहे, एवढेच उत्तर त्याला मिळाले. खुद्द येशूने अटकेच्या रात्री आपल्यापुढचा दुःखाचा प्याला टळावा अशी विनवणी केली, आणि त्याच श्वासात आपल्या नव्हे तर पित्याच्या मर्जीप्रमाणे घडू दे, असेही म्हटले. प्याला टळला नाही. ज्या धर्माच्या मध्यभागी न टळलेले दुःख आहे, तो धर्म दुःखिताला खोटे आश्वासन देऊ शकत नाही. आपल्याच काळातील मदर तेरेसांचे पाहावे. १९९७ मध्ये त्या गेल्या. २००७ मध्ये त्यांची खासगी पत्रे प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला कळले की कित्येक दशके त्यांना देवाच्या सान्निध्याची जाणीवच होत नव्हती. तरी त्या रोज पहाटे प्रार्थनेला बसत आणि मग रस्त्यावरचे मरणोन्मुख जीव उचलावयास बाहेर पडत. ही काळरात्रच. तुकोबांनी विठ्ठलाशी मांडलेले भांडणही याच जातीचे. भांडण ज्याच्याशी करावयाचे तो आहे, ही खात्री असल्याखेरीज कुणी भांडत नाही.

म्हणून प्रार्थनेचे फळ मोजण्याचे माप बदलावयास हवे. ताप उतरला की नाही, हे डॉक्टरांचा तापमापक सांगेल. भय उतरले की नाही, वैर उतरले की नाही, 'माझ्याच वाट्याला का' हा विखार उतरला की नाही, हे मोजणारा तापमापक प्रत्येकाच्या अंतरी असतो. शरीराचे आरोग्य आज ना उद्या सर्वांचेच ढळावयाचे आहे. लाजरसाला येशूने उठविले असे मानले तरी तोही पुढे कधीतरी निजलाच असेल. मनाचे आरोग्य मात्र एकदा लाभले की मरणाच्या उंबऱ्यापर्यंत सोबत येते.

आपल्या देवघरासाठी

शेवटी थोडे आपल्याकडे वळून पाहू. आपल्या घरात कुणी आजारी पडले की आपण अभिषेक सांगतो, महामृत्युंजयाचा जप बसवितो, ग्रहांची शांती करतो. हे सारे श्रद्धेने होत असेल तर उत्तमच. परंतु दक्षिणा देऊन झाली की आपले कर्तव्य संपले, असे आपल्याला वाटू लागले आहे काय? जप ब्राह्मणाने करावा, सेवा परिचारिकेने करावी, आणि आपण व्हरांड्यात उभे राहून दूरध्वनीवर बोलावे, अशी आजची स्थिती आहे. ख्रिस्ती बांधवांकडून घेण्याजोगे काही असेल तर ते हे: रुग्णाच्या उशाशी बसून, त्याचा हात हातात घेऊन, त्याच्याच समोर, त्याचे नाव घेऊन देवाला हाक मारणे. यासाठी धर्म बदलावा लागत नाही. रामरक्षा म्हणावी, विष्णुसहस्रनाम म्हणावे, हरिपाठ म्हणावा; पण त्याला ऐकू येईल असा म्हणावा, आणि म्हणून झाल्यावर विचारावे, "मनात काही आहे का? कुणाला बोलवायचे आहे का?"

गुड्डापूरच्या दानम्मादेवीकडे अनवाणी चालत जाणारे भाविक मी लहानपणापासून पाहत आलो आहे. एखादा मध्येच थकला की दुसरा त्याचे ओझे घेतो. कोण मराठी, कोण कानडी, कोण कुठल्या जातीचा, हे त्या वाटेवर कुणी विचारीत नाही. शुभवर्तमानातील ते खाट उचलणारे चौघेही असेच असावेत. त्यांची नावे कुणाला ठाऊक नाहीत. रोगी बरा झाला तो त्यांच्या श्रद्धेकडे पाहून, असे मात्र तेथे नमूद आहे.

आईच्या अखेरच्या दिवशी काकू तिच्या उशाशी होत्या. तिने कपाळाला भंडारा लावून घेतला आणि क्षीण आवाजात म्हणाली, "विहिरीची पाळी आता तुमच्या धाकट्याला द्या, त्याचे पीक वाळतेय." मरणाऱ्या माणसाच्या ओठांवर अकरा वर्षांच्या वैरिणीच्या लेकाचे पीक होते. मिरजेतील ती अनोळखी मुलगी, कोण कुठली, हे वाचणार नाही. पण या मार्गशीर्षात यल्लम्मापुढे हात जोडताना मी तिच्यासाठीही एक मागणे मागणार आहे, आणि नाताळच्या रात्री आपल्या प्रार्थनामंदिरात तिच्यासारखे कुणीतरी आम्हां अनोळखी माणसांसाठी काही मागत असेल, यावर माझा विश्वास आहे. वाचकहो, आपल्याही घरात कुणी खाटेवर असेल, तर यंदाच्या सणाला त्या खाटेचा एक खूर आपण उचलावा. बाकीचे जगन्माता पाहून घेईल.